लाल झेंडा ते लाल दिवा



वसंतातल्या व्याख्यानात इतिहास म्हटला की श्रोत्यांची अपेक्षा शिवकालाची, पेशवाईची किंवा स्वातंत्र्यलढ्याची असते. मोटारीच्या पॅनलवर लागणारे दिवे आणि ड्रायव्हरच्या पायाखालची पेडले यांचाही काही इतिहास असेल, आणि तो व्यासपीठावरून सांगण्याच्या योग्यतेचा असेल, हे पुष्कळांना पटणार नाही. तरी आम्ही हा विषय बुद्ध्याच निवडला आहे. भारतात २०२२ या एका सालात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असा सरकारी हिशेब आहे. एवढी माणसे ज्या यंत्राच्या पायी जातात, ते यंत्र आज आहे तसे कसे झाले, हे जाणून घेणे कोणालाही परके वाटू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गाडीतला प्रत्येक दांडा, प्रत्येक पेडल आणि प्रत्येक दिवा यांच्यामागे कोणाचा तरी मोडलेला हात किंवा गेलेला जीव आहे. या सोयी कारखानदारांनी आपण होऊन दिल्या, असे थोड्या वेळा घडले. पुष्कळ वेळा लोकांनी त्या मागितल्या आणि कायद्याने त्या घ्यायला लावल्या. आणि त्या मिळाल्यावरही, दिवा लागला असता गाडी थांबवण्याची मुभा ड्रायव्हरला नसेल तर तो दिवा निव्वळ शोभेचा राहतो.

आरंभ लाल झेंड्यापासून करू. आम्ही कामगार चळवळीतले असल्यामुळे हा शब्द ऐकून कोणी हसेल. पण हा झेंडा आमचा नव्हे, इंग्लंडच्या पार्लमेंटचा आहे. रस्त्यावरून वाफेची इंजिने धावू लागली तेव्हा १८६५ साली तेथे कायदा झाला की, अशा इंजिनाबरोबर निदान तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने लाल झेंडा घेऊन ६० यार्ड पुढे पायी चालावे. वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल होती. म्हणजे रस्त्यावरच्या यंत्राचा पहिला धोक्याचा इशारा हा दिवा नव्हता, भोंगा नव्हता. तो एक चालणारा मजूर होता. १८९६ साली ही बंधने मोटारींपुरती उठवण्यात आली आणि वेग ताशी १४ मैलांपर्यंत वाढवण्यात आला. त्याच साली, १७ ऑगस्टला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई प्रात्यक्षिकासाठी चालवलेल्या मोटारीखाली सापडून मेली. मोटारीने पादचारी मेल्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद. अशी गोष्ट पुन्हा कधी न घडो, अशी आशा चौकशी करणाऱ्या कॉरोनरने बोलून दाखवली होती. ती आशा किती फळाला आली, हे वर दिलेल्या आकड्यावरून दिसतेच.

आता खुद्द गाडीकडे वळू. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मागितले. त्या गाडीला आजच्यासारखे स्टिअरिंगचे चक्र नव्हते. हाताने फिरवायचा एक दांडा होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीने गेल्या. हा प्रवास सुमारे १०० किलोमीटरचा. चढावर मुलांनी गाडी ढकलली आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तेव्हा बाईंनी वाटेतल्या एका चांभाराला गाठून ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर असावे, ही सुधारणा अशी रस्त्यावर, एका बाईच्या व्यवहारज्ञानातून आणि एका कारागिराच्या हातातून निघाली. स्टिअरिंगचे गोल चक्र त्यानंतरचे. १८९४ च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांच्या पानार गाडीला ते होते. वेग वाढला तसा हातातला दांडा खड्ड्यांच्या हिसक्याने निसटू लागला, म्हणून चक्र आले.

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीतून आला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी ठोकत, तिचे ते नाव. घोडा गेला, चिखल इंजिनाखाली गेला, फळी मात्र राहिली. आणि पुढे तिच्यावर घड्याळे, काटे आणि दिवे येऊन बसले.

पहिली तीसएक वर्षे कोणते पेडल कुठे असावे याला काही धरबंध नव्हता. फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक खपली, म्हणजे असंख्य लोक गाडी चालवायला शिकले ते तिच्यावरच. पण तिच्यात आजचा ड्रायव्हर बसवला तर दहा पावलांवर भिंतीला धडकेल. तिलाही पेडले तीनच. परंतु डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला गिअर, अर्धे दाबले की न्यूट्रल आणि सोडले की वरचा गिअर. मधले पेडल गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे. पेट्रोल कमीजास्त करण्याचा दांडा पायाशी नव्हे, स्टिअरिंगच्या चक्राखाली हाताशी होता. दुसऱ्या कित्येक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे असे. एका गाडीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला, की संकटाच्या क्षणी त्याचा पाय जुन्या सवयीने भलतीकडे जाई. क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे आणि गिअरचा दांडा मधोमध ही आजची मांडणी १९१६ च्या एका कॅडिलॅक गाडीत दिसते. इंग्लंडमध्ये १९२२ साली निघालेल्या ऑस्टिन सेव्हन या स्वस्त गाडीने ती सर्वदूर नेली.

तीच गोष्ट हँडल मारण्याची. पुढे उभे राहून हँडल फिरवताना इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला पहिला धडा देत तो हा की, हँडलभोवती अंगठा वळवायचा नाही. तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. आपले ड्रायव्हर ज्याला नुसते 'सेल्फ' म्हणतात तो हाच. पावसात काच पुसण्याच्या हातदांड्याचे पेटंट अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंना १९०३ साली मिळाले होते, पण त्यांच्या हयातीतल्या त्या पहिल्या वर्षांत कारखानदारांनी त्याची फारशी कदर केली नाही.

पॅनलवर आधी काटे होते: तेलाच्या दाबाचा, बॅटरीच्या चार्जिंगचा, पाण्याच्या उष्णतेचा. काटा वाचायला नजर आणि ज्ञान दोन्ही लागतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या हडसन गाड्यांनी तेलाचा आणि चार्जिंगचा काटा काढून तेथे दिवे बसवले. पुढे ही रीत सर्वत्र पसरली. जाणत्या लोकांनी या दिव्यांना 'मूर्खांचे दिवे' असे हिणवले. हिणवण्यात थोडे तथ्यही होते. काटा हळूहळू पडताना दिसतो आणि आधीच सावध करतो. तेलाचा दिवा लागतो तेव्हा दाब गेलेलाच असतो. परंतु हजारो लोक ज्या गाड्या चालवणार त्यांत इशारा साधा, ठसठशीत आणि चुकता न येणारा असावा, हे तत्त्व आम्हाला योग्य वाटते.

इथपर्यंतची कथा यंत्राची झाली. यापुढची माणसांच्या मतांची आहे, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची. अपघात झाला की दोष कोणाचा? गिरणीत बोट तुटले की मालक म्हणत, कामगार बेसावध होता. पट्ट्यांना आणि चाकांना कुंपण घालावे हे तत्त्व आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मान्य झाले आणि अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्याने मिळू लागली. तोवर 'बेसावध कामगार' हे एकच उत्तर पुरत असे. मोटारधंद्यातही हेच उत्तर चाले. अमेरिकेत म्हण अशी होती की, गाडीतला सगळ्यांत सैल नट हा स्टिअरिंगमागे बसलेला असतो. नट आवळा, म्हणजे ड्रायव्हरला उपदेश करा, दंड करा. गाडीला हात लावू नका.

या मताला पहिला जबर धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला, आणि तोही विमानांत. अमेरिकी बी-१७ बाँबफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच चाके आत ओढून घेत आणि विमान पोटावर आपटे. कागदोपत्री ही वैमानिकाची चूक ठरे. आल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले तो, पंखांच्या फळ्यांची खिटी आणि चाकांची खिटी या दोन्ही शेजारी शेजारी आणि सारख्याच आकाराच्या होत्या. त्याने चाकांच्या दांड्याला रबरी चाक आणि फळ्यांच्या दांड्याला पाचरीसारखा तुकडा बसवण्याची युक्ती काढली, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळावा. माणसे तीच राहिली आणि चूक बंद पडली. १९४७ साली फिट्स आणि जोन्स यांनी 'वैमानिकाच्या चुका' म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले आणि त्यांतही मांडणीचाच दोष पुष्कळ ठिकाणी दाखवला.

ह्यू डी हेवन या गृहस्थांनी दुसरी बाजू मांडली. १९१७ साली ते विमान अपघातातून वाचले, पण आतून जबर जखमी झाले. त्यानंतर उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास करून त्यांनी १९४२ साली दाखवले की, माणसाचे शरीर समजतो त्यापेक्षा पुष्कळ सोसते; त्याला मारते ते ज्यावर तो आदळतो ते. मोटारीची धडक ही पहिली. आतल्या माणसाची स्टिअरिंगवर, काचेवर किंवा फळीवर होणारी धडक ही दुसरी. जीव जातो तो बहुधा दुसरीत. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतले निल्स बोलीन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना मोकळे ठेवले. कारखानदाराने आपण होऊन दिलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. तिचे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे.

बाकी धंदा मात्र हलेना. १९६५ साली राल्फ नाडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक निघाले. आपोआप गिअर बदलणाऱ्या कित्येक गाड्यांत मागे जाण्याची खूण पुढे जाण्याच्या खुणेला लागूनच होती. मध्ये न्यूट्रल नव्हते. त्यामुळे गाडी भलत्या दिशेला उसळून माणसे सापडत. नाडर यांनी ही आणि अशी उदाहरणे चव्हाट्यावर मांडली. जनरल मोटर्सने त्यांच्यामागे खाजगी हेर लावले. ते उघडकीला आले आणि १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९६८ पासून पहिले दंडक लागू झाले. पुढे आणि मागे जाण्याच्या गिअरमध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे. धडकेत छाती फोडणारा ताठ स्टिअरिंगचा दांडा दबला पाहिजे. ब्रेकची एक बाजू निकामी झाली तरी दुसरीने गाडी थांबली पाहिजे, आणि तसे झाल्याचा दिवा ड्रायव्हरपुढे लागला पाहिजे. आज तुमच्या पॅनलवर ब्रेकचा जो लाल दिवा आहे, त्याच्या कुळकथेतले हे मुख्य पान आहे.

१९७० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेने या दिव्यांची चित्रे ठरवून दिली. जुन्या पॅनलांवर इंग्रजी अक्षरे असत. सातारा किंवा आझमगढ जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या ड्रायव्हरला ती कोण वाचून दाखवणार? तेलाच्या बुधलीचे चित्र सर्वांना कळते. रंगांचीही भाषा ठरली. लाल म्हणजे धोका; गाडी सुरक्षित जागी थांबवा. पिवळा म्हणजे बिघाड आहे, लवकर तपासा. हिरवा म्हणजे काम चालू आहे, आणि निळा म्हणजे हेडलाइटचा प्रखर झोत लागला आहे. समोरून गाडी येत असेल तर डिपर द्या.

ही भाषा व्यवहारात अशी वाचावी. किल्ली फिरवली, इंजिन सुरू व्हायचे आहे, अशा वेळी धोक्याचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा त्या वेळी लागतच नाही तो निरोगी नसून मुका झालेला असतो. जुनी गाडी घेणाऱ्याने ही परीक्षा प्रथम करावी, कारण विकणारा कधी कधी बिघाड न काढता दिव्याचीच वायर काढतो. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. उष्णतेचा लागला, तर थांबावे. पण रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. ब्रेकचा लाल दिवा लागला, तर हँडब्रेक पुरता सुटला आहे ना ते पाहावे. सुटला असूनही दिवा राहिला, तर ब्रेकचे तेल उतरले असण्याचा संभव असतो. मग गाडी हाकू नये. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे ही जुनी खोड तर घातकच आहे. गिअर गाडीला मागे धरून ठेवतो तो आधार जातो. आणि इंजिन बंद झाले, की ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा पोचला. कुर्ल्याची फियाट, पुढची पद्मिनी, हिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. अँबॅसडरमध्ये डिपरचे बटण पुष्कळ वर्षे डाव्या पायाखाली होते. १९८३ नंतर मारुती आली आणि टॅक्सीवर आयुष्य गेलेल्यांना हात जमिनीवरच्या गिअरकडे वळवावा लागला. पुढच्या आसनांना पट्टे असण्याची सक्ती १९९४ साली आली. ड्रायव्हरपुढची एअरबॅग, पट्टा न लावल्याची घंटी आणि ताशी ८० किलोमीटरवर वाजणारा वेगाचा इशारा या गोष्टी २०१९ साली आल्या. अजूनही सगळे एक झालेले नाही. जपानी वळणाच्या गाडीत वळण्याचा इशारा उजव्या हाताला असतो आणि युरोपीय वळणाच्या गाडीत डाव्या हाताला, म्हणून गाडी बदललेला ड्रायव्हर वळताना काच पुसू लागतो.

दिलेला इशारा बंद पाडण्याची कलाही आपल्याकडे आहे. पट्ट्याची घंटी वाजू नये म्हणून खाचेत अडकवण्याच्या खोट्या कड्या बाजारात खुलेआम मिळत. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या हटवण्याचा हुकूम दिला. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक आहे. पट्ट्याशिवाय पुढे फेकल्या जाणाऱ्या माणसावर ती फुटली तर तिनेच इजा होते. ज्यांनी या कड्या विकत घेतल्या त्यांनी पैसे देऊन आपला पहारेकरी झोपवला, असेच म्हटले पाहिजे.

परंतु पहारेकरी प्रत्येक वेळी ड्रायव्हरच झोपवतो असे नाही. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवस सांगितले की ब्रेकचा लाल दिवा विझत नाही. मालकाचे उत्तर आले, "स्विचची वायर ढिली असेल. सीझन आहे, फेरी चुकवू नकोस." घाटात ब्रेक गेला. गडी अनुभवी, त्याने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या अंगाला घासली. उतारू वाचले, त्याचा पाय मोडला आणि गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. त्याला वाचवले ते फेरीच्या वहीने. तिच्यात तारखेनिशी त्याने तीनदा लिहिले होते, "ब्रेकचा लाल दिवा लागतो." अक्षर वाकडे होते, पण साक्ष सरळ होती.

येथे कायदा कामगाराच्या बाजूला आहे हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम, धोकादायक दोष माहीत असून गाडी हाकणाऱ्याला शिक्षा सांगते. त्याच श्वासात ती हाकायला लावणाऱ्याला किंवा हाकू देणाऱ्यालाही सांगते. दोष माहीत होता हे सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून ड्रायव्हर-बांधवांना आमचा आग्रह असा की, तोंडी तक्रारीवर थांबू नका. दिवा कोणता, कधी लागला, कोणाला सांगितले हे लिहा आणि त्यावर सही घ्या. सही देत नसेल तर तेही लिहा. तसेच थकलेल्या डोळ्यांना कोणताही दिवा दिसत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे ठरवले, तेही आमच्या दृष्टीने ब्रेकइतकेच सुरक्षिततेचे साधन होते.

गाड्या आता नव्या वळणावर आहेत. बटणे जाऊन काचेच्या पडद्यावर बोट फिरवायचे दिवस आले. परंतु बटण नजर न वळवता हाताला सापडते; पडद्याकडे पाहावेच लागते, आणि तेवढ्यात रस्ता डोळ्यांआड होतो. म्हणूनच युरोपात गाड्यांची सुरक्षितता पारखणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा महत्त्वाच्या कामांसाठी खरी बटणे किंवा दांडे असण्यावर गुण ठेवले. चापानिसने रबरी चाकाने शिकवलेला धडा ऐंशी वर्षांनी पुन्हा गिरवावा लागत आहे.

तेव्हा श्रोतेहो, ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी तिच्यासोबत आलेली पुस्तिका एक संध्याकाळ बसून वाचावी आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दिव्यांची ओळख करून द्यावी. ज्यांच्याकडे पगारी ड्रायव्हर आहे, त्यांनी त्याला आजच सांगून ठेवावे की लाल दिवा लागला तर गाडी थांबव, मला उशीर झाला तरी चालेल. आणि जे भाड्याच्या गाडीत बसतात त्यांनी, ड्रायव्हर दिव्याकडे बोट दाखवून थांबला, तर त्याच्यावर खेकसू नये. एके काळी यंत्रापुढे एक माणूस लाल झेंडा घेऊन चालत होता आणि मागच्यांना त्याचा वेग पाळावा लागत होता. तो माणूस आता गाडीत स्टिअरिंगमागे बसला आहे. त्याने 'थांबा' म्हटले तर थांबायचे, एवढे आपण मान्य करावे. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.